मदत हवी आहे: टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळी पडतायत (आणि गुलाबाचंही एक विचारायचंय)

नमस्कार मंडळी,

वसंत यंदा फारच रेंगाळत येतोय. दुपारी ऊन असं पडतं की लगेच वाफ्यात उतरावंसं वाटतं, आणि रात्री पारा परत ३-४ अंशांवर. वाफ्यातली माती मुठीत दाबली तर अजून चिकट गोळा होतो, बोटानं टोचलं तरी फुटत नाही. वाफसा (खणण्याजोगा ओलावा) आलेला नाही, त्यामुळे खणायला हात लावलेला नाही. एका उंच वाफ्यात पाणी लवकर निथळतं, तिथे वाटाणा टाकला. त्याला ५-६ अंशांची मातीही चालते. कोंब वर आलेत, इतका आनंद झाला म्हणून सांगू!

प्रश्न टोमॅटोचा आहे. बी घरातच ट्रेमध्ये टाकलं, उगवण छान झाली, खरी पानंही आली. ट्रे सगळ्यात जास्त ऊन येणाऱ्या खिडकीच्या दगडी कट्ट्यावर आहे. आता पान उलटलं की खालची बाजू जांभळी दिसते. आधी फक्त शिरा होत्या, मग मधली जागाही. वरून पान मळकट हिरवं. भिंगानं पाहिलं, कीड नाही, डाग नाहीत. खोड बुडाशी काळं किंवा बारीक झालेलं नाही, म्हणजे रोप कोलमडण्याचा रोग नसावा. वाढ मात्र थांबल्यासारखी आहे.

कट्ट्यावर जागा नव्हती म्हणून त्याच बियांचा दुसरा ट्रे शेजारी लाकडी स्टुलावर ठेवलाय. माती तीच, पाणी तेच, आणि ती रोपं हिरवीगार!

हे स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्याचं लक्षण आहे का? खत देऊ का? आणि रोपं बाहेर कधी काढू?

गुलाबाचं असं की बाकी झाडांचे डोळे फुगलेत, तो मात्र अजून नुसत्या काड्या. वाट पाहू की छाटू?

प्रतिसाद १
लक्षण स्फुरदाचंच वाटतंय. थोडं बोनमील (हाडांच्या चुऱ्याचं खत) घालून बघा.

प्रतिसाद २
लक्षण स्फुरदाचं, पण बोनमील आत्ता नको. ते सावकाश विरघळतं, आणि इथे मातीत स्फुरद नाही असं दिसत नाही. नसतं तर स्टुलावरची रोपंही जांभळी झाली असती. माती गार असली की मुळांना स्फुरद उचलता येत नाही. दगडी कट्टा आणि काच रात्री चांगलीच गारठतात. खोली उबदार असली तरी ट्रेचा तळ थंडच राहतो.

पहाटे थर्मामीटर हवेत न धरता ट्रेच्या मातीत खुपसून बघा. १५ अंशांच्या खाली असेल तर ट्रे आजच उचला, खाली लाकडी फळी किंवा जाड थर्माकोल ठेवा. पाणी जरा कमीच द्या, ओली माती उशिरा तापते. जुन्या पानांवर जांभळी छटा राहिली तरी घाबरू नका, नवीन पान हिरवं येतंय का ते पाहा.

बाहेर काढायची घाई अजिबात नको. रात्रीचं तापमान सलग १० अंशांच्या वर राहू लागलं की मगच वाफ्यात लावा. त्याआधी आठवडा-दहा दिवस हार्डनिंग, म्हणजे रोपांना बाहेरच्या हवेची हळूहळू सवय. सुरुवातीला तास-दोन तास सावलीत, वाऱ्याच्या आड, मग रोज थोडं जास्त. घरात वाढलेल्या कोवळ्या खोडाला उन्हाइतकाच वाराही झेपत नाही.

गुलाबाच्या फांदीची साल नखानं किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर शेंड्याकडून थोडं थोडं कापत खाली या, गाभा पांढरट दिसला की तिथे थांबा.

धागाकर्ती
ताई, खूप खूप धन्यवाद! पहाटे मोजलं. कट्ट्यावरच्या ट्रेची माती ११ अंश, स्टुलावरची १७! ट्रे लगेच हलवला, खत बंद म्हणजे बंद.

गुलाबाच्या दोन फांद्या आत हिरव्या आहेत. सगळ्यात जाड फांदी मात्र मातीपर्यंत कोरडी. तिच्या बुडाशी मातीतून एक लालसर कोंब निघालाय. झाड कलमी आहे. हा कोंब कलमाचा की खालच्या खुंटाचा (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्याचा), हे कसं ओळखायचं? पानाला सात पानदलं (एका देठावरची छोटी पानं) असली की खुंट, असं ऐकलंय.

प्रतिसाद २
पानदलं मोजून ठरवू नका, कितीतरी चांगल्या जातींना सातच असतात. बोटानं माती अलगद बाजूला करा आणि कोंब नेमका कुठून निघालाय ते पाहा. कलमाच्या गाठीतून (कलम जिथे खुंटाला जोडलंय तिथून) किंवा तिच्या वरून असेल तर तो तुमचाच, जपा. गाठीच्या खालून असेल तर कापू नका, बुडातून उपटून काढा, कारण कापला की तिथूनच पुन्हा फुटतो. जाड फांदी मेलीच आहे, ती काढून टाका. आणि तो कोंब लहान आहे तोवर रात्री पालापाचोळ्याखाली झाका, सकाळी उघडा.