नाशिकच्या पांडवलेणीतले गंधर्व कोणाचे?

गोदाकाठी: रविवारी पाहुण्यांना पांडवलेणीवर नेलं. तीन नंबरच्या लेण्यात स्तूपाच्या शिल्पावर उडणारे गंधर्व आहेत ना, ते बघून पाहुणे म्हणाले, बौद्ध लेण्यात आपले गंधर्व कसे? मी म्हटलं, उचललेत. चुकलं का?

लेणीवेडा: चुकलंच. त्याच लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या 19व्या राज्यवर्षातला. लेणं दिलंय भद्रायणीय या बौद्ध पंथाच्या भिक्खूंना. आणि मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक काय? राम, केशव, अर्जुन, भीमसेनासारखा पराक्रमी. त्याच्या लढायांच्या वर्णनात गरुड, सिद्ध, यक्ष, राक्षस, विद्याधर, गंधर्व सगळे हजर. वर ‘एकबम्हण’, म्हणजे एकमेव ब्राह्मण. त्या माउलीला हे ‘आपले’ आणि ते ‘त्यांचे’ असं काही वाटलेलं दिसत नाही.

गोदाकाठी: पण गंधर्व ऋग्वेदात आहेत. आधी कोण, ते सांगा की.

सातपूरची: आधी कोण हा वादच नाही. नावं तीच, मान वेगळा. पाली ग्रंथांत इंद्र, म्हणजे सक्क, बुद्धाकडे शंका घेऊन येतो. आधी पंचशिख गंधर्वाला वीणा घेऊन पुढे धाडतो. ब्रह्मा सहंपती ‘धम्म शिकवा’ म्हणून विनवतो. देवांनाही मरण आहे तिथे. ऋषींचंही तसंच. तेविज्ज सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या एका संवादात, वेस्सामित्त, वासेट्ठ, भारद्वाज, भगू अशी नावं घेऊन विचारलंय, यांच्यापैकी कुणी ब्रह्म्याला डोळ्यांनी पाहिलंय का? नाही. मग एकमेकांना धरून चाललेली आंधळ्यांची रांग, असा दाखला. याला उसनवारी म्हणायची?

गोदाकाठी: पुण्य सरलं की स्वर्गातून खाली, हे गीतेच्या नवव्या अध्यायातही आहे, ताई.

सातपूरची: ते स्वर्गात गेलेल्या माणसांबद्दल. मी इंद्राबद्दल बोलतेय, दादा.

त्र्यंबकरोड: गौतम ऋषी म्हणजेच गौतम बुद्ध, असं आमच्याकडे एक काका छातीठोक सांगतात.

लेणीवेडा: काकांना नमस्कार सांगा. त्र्यंबकला गोदावरी आणणारे गौतम ऋषी वेगळे. बुद्धाचं गौतम हे गोत्रनाव. गौतमी, वासिष्ठी ही राण्यांची नावंही ऋषिगोत्रांवरूनच.

सातपूरची: आणि पुढच्या खेपेला पाहुण्यांना वर बघायच्या आधी खाली बघायला सांगा. ओसरीच्या तुळया भोयांसारख्या खांद्यावर घेतलेले सहा जण आहेत, छातीपर्यंत जमिनीत. ते यक्ष की गण, यावर कुणीच भांडत नाही.

गोदाकाठी: गण. शंकराचे.

सातपूरची: झालं सुरू.