अफगाणिस्तानावरील कादंबऱ्या मन हेलावतात. पण त्यातून युद्ध कळते का?

मूळ मत
डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्या आणि सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतले, हे सारे ठाऊक असूनही त्या देशाचे दुःख मला भिडले ते कादंबऱ्यांमुळे. कादंबरी आधी आपल्याला एखाद्या घरात पुरेसे राहू देते, तिथले रुसवे, लग्नाची बोलणी, भावंडांतील अबोला आपलासा करते आणि मग त्या घरावर रॉकेट पडते. बातमीतल्या मृतांच्या आकड्याला हे कधीच साधत नाही.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. १९९२ ते १९९६ या काळात काबूलचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला तो मुख्यतः मुजाहिदीन, म्हणजे आधी सोव्हिएत फौजांशी लढलेल्या आणि आता सत्तेसाठी आपसांत लढणाऱ्या सशस्त्र गटांमुळे. तो रॉकेटमारा कादंबऱ्यांत येतो, हे खरे. परंतु वाचून झाल्यावर रॉकेट कोणावर पडले एवढेच मनात उरते, ते कोणी आणि कशासाठी डागले हे उरत नाही. डोळे पाणावले म्हणजे आपल्याला समजले, असे वाचक धरून चालतो, आणि मला धोका तिथेच दिसतो.

मूळ लेखकाचे उत्तर
तळघरात मुलांना कवटाळून बसलेल्या आईला तरी ते कोणी डागले हे दर वेळी कुठे ठाऊक होते? ते न कळणे हाही त्या युद्धाचाच अनुभव आहे आणि इतिहासग्रंथ, त्याच्या स्वभावानुसार, तो पुसून टाकतो. गटांची नावे आणि त्यांचे हेतू इतिहासात अवश्य शोधावेत. कादंबरीकडे ती मागणी करणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद २
तुम्ही दोघेही वाचक बाहेरचा आणि अफगाण माणूस केवळ सोसणारा, असे गृहीत धरत आहात. तालिबानच्या पहिल्या राजवटीत हेरात शहरातील स्त्रिया शिवणकामाच्या वर्गाला जातो असे दाखवून एकत्र जमत आणि विद्यापीठातील प्राध्यापकांकडून साहित्य शिकत. पकडले जाण्याची भीती असूनही त्या वाचत होत्या, लिहीत होत्या. आपल्यापर्यंत इंग्रजीतून पोहोचलेल्या, बहुधा देश सोडून गेलेल्यांनी लिहिलेल्या कथांवरच कादंबरीचे सामर्थ्य जोखायचे आणि दरी व पश्तू या तिथल्या भाषांत तिथेच लिहिले गेलेले विचारातही घ्यायचे नाही, हे मला पटत नाही.