‘पगार’ कोणाचा?

बांधावरून: काल गावच्या ग्रुपवर पोस्ट फिरली, ‘पगार हा अस्सल मराठी शब्द, इंग्रजांनी त्याचाच शेंडा खुडून पे केला.’ खाली अंगठ्यांचा ढीग. डोकं फिरलं म्हणून लिहितो. पे इंग्रजीत गेला फ्रेंचमधून, 1200 च्या सुमारास. मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणं. घेणेकऱ्याचं देणं देऊन त्याला गप्प करायचं, तो पे. पीस आणि पॅसिफिक महासागर त्याच घरचे. त्याच पाकारेचं पोर्तुगीजांकडे ‘पगार’ झालं, अर्थ देणं चुकवणं, अन् तिथून आपल्याकडे आलं. पे आणि पगार चुलतभाऊ आहेत, बापलेक नाहीत.

गुर्जी: पोर्तुगीज वसई-गोव्यातले. वसईतून 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी हाकलले. आमच्या यवतमाळकडच्या दारव्ह्यात कोणता पोर्तुगीज आला होता?

बांधावरून: मिरचीही त्यांनीच आणली. सावजी रस्सा ओरपताना विचारता का हो हे?

एमपीएससीवाला: सॅलरी म्हणजे मीठ. रोमन सैनिकांना पगार मिठात मिळे. क्लासमध्ये शिकवलंय.

बांधावरून: शब्द मिठावरूनच आला. पण सैनिकांना मीठ मोजून देत, असं त्या काळच्या कोणी लिहिलेलं नाही.

कपाशीवाला: पगार पगार काय लावलं बे! आमच्याकडे चुकारा असते, म्हंजे इकलेल्या मालाचे पैसे, अन् तो चुकतेच. खरेदी केंद्रावर गाडीतल्या कापसात मशीनची सुई खुपसली, ओलावा 12 टक्क्याच्या वर म्हने, गाडी वापस. दुसऱ्या खेपेले घेतला त आधार लिंक नाही म्हनून पैसे अडकले. सांगा तुमच्या लॅटिनले, मले शांत कर म्हना.

गुर्जी: रात्री पाणी मारून आणता, मग ओलावा येणारच.

कपाशीवाला: तुमच्या खात्यात दर महिन्याले पडते नं? मंग तोंड सांभाळा. सकायच्या येचनीले दव असते, कधी वावरात पाय ठेवला असता त समजलं असतं.

सालदाराची नात: माझ्या आजोबांचं साल, म्हणजे वर्षभराच्या मजुरीची बोली, पाडव्याला ठरायचं. पैसे जुजबी, बाकी जवारी. तीही मागून मागून. तेव्हा कापूसवाल्यांना कोणाचा चुकारा आठवत होता?

कपाशीवाला: ते माह्या आज्याले इचारा ताई. मी त येचाईचे पैसे बाजाराच्या दिवशी नगदी देतो, माहा चुकारा येवो नाही त न येवो.

सालदाराची नात: द्यावेच लागतात. नाहीतर पुढच्या येचाईला बाया येत नाहीत.

गुर्जी: बरं, पगार पोर्तुगीज तर पोर्तुगीज. गेल्या महिन्यात माझा उशिरा झाला तरी मी शांतच होतो, तेव्हा तुमचं ते पाकारे आमच्याकडे लागू नाही.

बांधावरून: कपाशीवाले भाऊ, केंद्रावर चकरा मारू नका. बँकेत जाऊन आधार जोडायचा फॉर्म भरा, अन् पोच घ्या.