पगारवाढ 50 हजार, कर 52 हजार. मग सगळ्यांना एकच दर का नको?

अंबडचा_मेंटेनन्सवाला:
नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. यंदा पगार 12 लाख 75 हजारांवरून 13 लाख 25 हजार झाला. नवीन करप्रणाली, दुसरं उत्पन्न नाही. गेल्या पगारावर कर शून्य बसत होता. आता स्टँडर्ड डिडक्शनचे 75 हजार जाऊन साडेबारा लाख उरतात आणि त्यावर सेससकट (करावरचा उपकर) 52 हजार कर. म्हणजे वाढ मिळून हातात दोन हजार कमीच! वर्षभर रात्रपाळीत मशीन बंद पडू दिलं नाही, त्याचं हे फळ?

मला वाटतं हे स्लॅब काढून टाकावेत. 4 लाखांपर्यंत माफ, त्यापुढे सगळ्यांना 15 टक्के. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदारांनाही तोच नियम. यात काय चूक आहे?

कॉलेजरोड_करसल्लागार:
तुमचा हिशेब बरोबर आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवताय. तुम्हाला स्लॅबने नाही, करमाफीच्या सवलतीने मारलंय. 12 लाखांपर्यंत 60 हजारांचा कर माफ होतो. त्याच्या पुढे गेलात की मार्जिनल रिलीफ मिळतो, तो एवढाच की 12 लाखांवरची कमाई जितकी, त्याहून जास्त कर नको. त्यामुळे करपात्र 12 लाख ते साधारण 12 लाख 70 हजार या पट्ट्यात वरचा रुपयान् रुपया करात जातो, वर 4 टक्के सेस.

आता तुमचा 15 टक्के. आजचे दर 4 लाखांनंतर दर 4 लाखांना 5, 10, 15, 20, 25 असे चढतात आणि 24 लाखांपुढे 30. सेस-अधिभार बाजूला ठेवला तर 24 लाखांवर आज 3 लाख कर बसतो. तुमच्या पद्धतीनेही 3 लाखच. 4 लाखांच्या वर पण त्याखाली असलेल्या प्रत्येकाला जास्त भरावा लागेल, त्यावरच्या प्रत्येकाला कमी. 10 लाखवाल्याला आज शून्य, तुमच्याकडे 90 हजार. 60 लाखवाल्याचे 13 लाख 80 हजारांवरून 8 लाख 40 हजार. तुम्हाला स्वतःला साडेबारा लाखांवर 1 लाख 27 हजार 500! रशियाने 2001 मध्ये 13 टक्क्यांचा एकच दर आणला होता, 2021 मध्ये वर 15 चा टप्पा जोडला आणि 2025 पासून 13 ते 22 असे पाच टप्पे केले.

तातडीचा उपाय: एचआरला विचारा, वाढीतला भाग कंपनीच्या वाट्याने एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) टाकता येईल का. मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंतची ती वजावट नव्या प्रणालीतही मिळते.

निफाडची_बाग:
दादा, शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार घटनेनेच राज्याला दिलाय, दिल्लीचा एक दर आमच्यापर्यंत येतच नाही. आणि आम्ही काहीच भरत नाही असं नाही. द्राक्षवेलीच्या खरड छाटणीपासून फळासाठीची गोडी छाटणी होऊन माल निघेपर्यंत रासायनिक औषधांवर 18 टक्के जीएसटी जातो. ताज्या द्राक्षावर जीएसटी नाही, म्हणून तो परतही मिळत नाही. अवकाळीने घड तडकले तरी तो गेलेलाच. कोट्यवधींचं शेती उत्पन्न दाखवणाऱ्यांवर कर लावा, माझी हरकत नाही. दोन एकरवाल्याला त्यांच्या रांगेत उभं करू नका.

सातपूर_कॉन्ट्रॅक्ट:
सगळ्यांना सारखंच हवं असेल तर व्यवसाय कर बघा. माझ्या पंधरा हजारांतून वर्षाला 2500 कापतात, आमच्या प्लँट हेडचेही 2500. माझ्या घरात ते किराण्यातून जातात.

अंबडचा_मेंटेनन्सवाला:
सल्लागार साहेब, कागदावर मांडून पाहिलं. 15 टक्क्यांचा हट्ट सोडतो, सातपूरच्या भावाचं वाचून तर नक्कीच. शेतीचा विषयही राज्याच्या दारात न्यावा लागेल, ते पटलं. पण 12 लाखांवरचा तो कडा मला मान्य नाही. माफी एकदम न काढता 12 लाखांवरच्या रुपयामागे पन्नास पैशांहून जास्त कर घेतला नाही, तर 13 लाख 71 हजारांच्या आसपास माणूस आपोआप नेहमीच्या स्लॅबला मिळतो आणि वाढीतली जवळपास निम्मी रक्कम तरी घरी जाते. सरकारचं थोडं उत्पन्न बुडेल, बुडू दे. हे खासदारांना लिहून पाठवतोय. या पट्ट्यात अडकलेले आणखी कोणी असतील तर आकड्यांसकट इथे लिहा, एकत्रच पाठवू.