गुरुद्वारात जरूर जा

शेजारच्या शीख कुटुंबाने गुरुद्वारात बोलावलंय, पण आपण शीख नाही, तर जावं का, असं एकाने विचारलंय. जरूर जा. डोकं झाका (साधा मोठा रुमाल चालतो), चपला बाहेर काढा, हातपाय धुवा. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: खिशात तंबाखूची पुडी किंवा सिगारेट असेल तर घरीच ठेवून जा. शीख आचारात तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे.

आत मूर्ती नसते. माथा टेकायचा तो गुरू ग्रंथसाहिबांसमोर. १७०८ साली आपल्या नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिलं. त्याच ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदं आहेत! शेजाऱ्यांशी बोलायला याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही. शीख लोक नामदेवांना 'भगत नामदेवजी' म्हणतात, आणि इतक्या आदराने म्हणतात की ऐकताना माझा गळा दाटून येतो.

लंगरला (गुरुद्वारातल्या सामूहिक जेवणाला) सगळ्यांबरोबर पंगतीत खाली बसा. राव-रंक, जातपात काही नको म्हणूनच ती पंगत आहे. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्या, ताटात काही टाकू नका.

केश, कंगवा, कडं, कृपाण, कच्छा हे पाच ककार अमृतधारी (म्हणजे अमृत घेऊन दीक्षा घेतलेले) शीख कायम अंगावर बाळगतात. सगळेच शीख अमृतधारी नसतात, तेव्हा कुणाचे केस कापलेले दिसले तर खोदून विचारू नका. आणि ते 'बारा वाजले'चे विनोद कृपा करून थांबवा. पटका बांधून शाळेत जाणाऱ्या पोरांना ते फार लागतात.