मदत हवी आहे: मनालीच्या बर्फात गाडी न्यायची आहे

मंडळी, जानेवारीत कोल्हापुरातनं स्वतःच्या गाडीनं मनाली आणि जमलं तर ९ किलोमीटरच्या अटल बोगद्यातनं पलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जायचा बेत आहे. गाडी डिझेल, इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर. पावसात करूळ, धुक्यात आंबा घाट कितीदा चालवलाय, पण बर्फ बघितलाय तो रंकाळ्यावरच्या गोळ्याच्या गाडीवर!

बर्फात पकड मिळावी म्हणून साखळ्या पुढच्या चाकांना, दुसऱ्या गिअरला हळू उचलायची, उताराला खालच्या गिअरात इंजिनवर धरायची, एवढं कळलंय. धास्ती आहे ती न दिसणाऱ्या बर्फाची. डांबर नुसतं ओलं वाटतं आणि चाक सुटतं. पुलावर आणि सावलीतल्या वळणावर तो आधी धरतो म्हणे. स्टेअरिंगवर बसून ओळखायचा कसा?

दुसरं, आपल्याकडचं डिझेल तिकडच्या थंडीत घट्ट होतं. मग टाकी कुठवर रिकामी करून तिकडचं भरायचं? रेडिएटरमध्ये मेस्त्रीनं उन्हाळ्यात साधं पाणी ओतलंय, ते तर बदलतोच.

साखळ्या विचारल्या तर दुकानदार म्हणाला, "म्हशीची देऊ काय?" तिकडं भाड्यानं घ्याव्यात का विकत? स्वतः चालवून आलेल्यांनीच सांगा, व्हिडिओ बघून झालेत.