गावच्या माळावर मातीचा रेस ट्रॅक करायचाय, गावानेच चालवायचा, जमेल का?

मुलुंडकर:
गाव मुरबाडकडे, दर शनिवारी जातो. पोरं डांबरी रस्त्यावर बाईक उडवतात, बघून जीव खालीवर होतो, म्हणून पडीक माळावर गोल ट्रॅक करू म्हणतोय. लांबी किती ठेवू?

भांडुपचा बायकर:
स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची बाईक रेस, तिचा ट्रॅक २६० ते ४२५ मीटरचा असतो, चार जण, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने. पण त्या बाईक वेगळ्याच रे भावा, ५०० सीसी, मिथेनॉलवर चालणाऱ्या, त्यांना ब्रेकच नसतो, वळणावर मागचं चाक घसरवत नेतात. तुमच्या पोरांनी आपल्या साध्या गाडीचा ब्रेक काढायचा विचारसुद्धा करू नये, प्लीज हे नक्की सांग त्यांना.

ठाकुर्लीची ताई:
दादा, खरं काम मातीचं आहे. मुरूम पसरून रोलर फिरवा आणि मधेमधे पाणी मारत राहा, नाहीतर एवढी धूळ उडते की मागच्याला पुढची गाडीच दिसत नाही, आणि पाणी जास्त झालं की लगेच चिखल. पण एप्रिल-मेमध्ये रेस ठेवू नका हो, आमच्याकडे तेव्हा बायका टँकरसमोर हंडे घेऊन उभ्या असतात, तेव्हा ट्रॅकवर पाणी ओतलेलं बघवणार नाही. दिवाळीनंतर ठेवा.

भांडुपचा बायकर:
ताईंना +१. आणि गावात बैलगाडा शर्यत भरवणारी मंडळी असतील तर त्यांनाच धरा, गर्दी कशी आवरायची ते त्यांना बरोबर माहीत असतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला माणूस उभा करू नका, गाडी सुटली की तिकडेच जाते. अँब्युलन्स आल्याशिवाय पहिली फेरी नाही.

मुलुंडकर:
शनिवारी ग्रामपंचायतीत विषय काढतो. आधी रोलर कुणाकडे मिळतो ते बघतो.